वय, काळ आणि पिढी



अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाचे १८८० ते १९३० या अर्धशतकातील मृत्युनोंदींचे दप्तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील साथरोगशास्त्राचे प्राध्यापक वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांनी चाळले, तेव्हा क्षयाने मरणाऱ्या पुरुषांच्या आकड्यांत त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. १९३० सालचा रकाना वरून खाली वाचला, तर मृत्युदर पन्नाशीत सर्वांत अधिक दिसे; तरुणांना गिळणारा हा रोग आता वृद्धांकडे वळला, असा निष्कर्ष त्यावरून कोणीही काढला असता. फ्रॉस्ट यांनी मात्र तोच तक्ता तिरका वाचला. १८८० मध्ये जी मुले दहा वर्षांच्या आतली होती, ती १९०० मध्ये विशीत आणि १९३० मध्ये पन्नाशीत असणार. त्या एकाच पिढीचा माग काढता असे दिसले, की शैशव ओलांडल्यावर तिच्यात क्षयाचा कहर झाला तो विशीतच, आणि पन्नाशीतले मृत्यू हे त्याच कहराचे ओसरते अवशेष होते. फ्रॉस्ट १९३८ मध्ये निवर्तले. या अभ्यासावरचा त्यांचा निबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा शोध मला फार मोलाचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात एक पेच आहे. वय, सन आणि जन्मसाल या तीन राशी परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. सनातून वय वजा केले की जन्मसाल हाती येतेच. म्हणून वयाच्या प्रत्येक वर्षामागे धोका एका मापाने अधिक धरला, सनाच्या प्रत्येक वर्षामागे तितकाच उणा धरला आणि जन्मसालाच्या प्रत्येक वर्षामागे पुन्हा तितकाच अधिक धरला, तरी बेरजेतला एकही आकडा हलत नाही, मग ते माप कितीही मोठे घ्या. अर्थात, क्षयाची एकसारखी सरळ उतरण हा राहणीमान सुधारल्याने सर्व वयांना एकाच वेळी मिळालेला लाभ, की प्रत्येक नव्या पिढीला बालपणी जंतुसंसर्ग कमी झाल्याचे फळ, हे केवळ आकड्यांवरून कोणत्याही गणितज्ञाला सांगता येणार नाही. नोंदी दसपट जमवल्या तरी नाही. उतरणीतली वळणे तेवढी ओळखता येतात: एखाद्या साली सर्व वयांत उसळी आली, तर ती काळाची, एकाच जन्मसालामागे ती वर्षानुवर्षे चालत राहिली, तर ती पिढीची.

फ्रॉस्ट यांच्या वाचनाला बळ मिळाले ते रोगाच्या ज्ञानामुळे: बालपणी शिरलेला क्षयजंतू शरीरात वर्षानुवर्षे दबून राहू शकतो, हे वैद्यकाला ठाऊक होते. याउलट, शेजारच्या दोन वयोगटांचा धोका समान आहे असे काही गृहीत धरून पेच सुटल्याचे जाहीर करणाऱ्यांचे उत्तर त्या गृहीतातूनच आलेले असते, आणि ते गृहीत उघड न सांगणे मी अप्रामाणिकपणाचे समजतो.

आपल्याकडे तर ती तिरकी ओळ मुळातच धूसर आहे. खानेसुमारीत आपण वय पाचावर किंवा शून्यावर नेऊन टेकवतो, हे तिचे तक्ते पाहणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येते. मृत्यूच्या नोंदीतही हाच ढिसाळपणा आला आणि चौपन्नाव्या वर्षी गेलेला माणूस साठीचा म्हणून नोंदला गेला, की तो दुसऱ्याच पिढीच्या हिशेबात जमा होतो. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की घरातल्या मृत्यूची वर्दी देताना वय अंदाजाने सांगू नका. जन्मसाल शोधा आणि तेच लिहवून घ्या.