टाळ्यांचा हिशेब

 

आज मी बास्केटबॉलबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ही बाई कर्जाचे हप्ते, शेळ्यांचा विमा सोडून आज कुठे निघाली? पण थोडं ऐका. कोण जिंकलं, कोण हरलं हे मला सांगायचं नाही. सामना बघायला जमलेली माणसं, त्यांचा गलका, मधल्या वेळात नाचणाऱ्या मुली, दिव्यांचा झगमगाट, याबद्दल सांगायचं आहे. अमेरिकेत हा मोठा धंदा आहे. त्या धंद्यात बायकांच्या कष्टाचा हिशेब कसा झाला, ते आपल्या कामाचं आहे.

आधी खेळ सांगते. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू असतात. दहा फुटांवर लोखंडी कडी, तिला जाळी लावलेली. चेंडू जमिनीवर आपटत न्यायचा आणि त्या कडीतून टाकायचा. आपल्याकडे क्रिकेटची आयपीएल, तशी तिकडे बास्केटबॉलची एनबीए. बंदिस्त सभागृहात सामने होतात आणि एकेका सभागृहात सतरा-अठरा हजार माणसं बसतात.

आता हिशेब बघा. सामना ४८ मिनिटांचा, १२ मिनिटांचे चार भाग. पण चेंडू थांबला की घड्याळही थांबतं. मध्यंतर १५ मिनिटांचं. शिवाय प्रत्येक संघाला सात वेळा खेळ थांबवून आपापसात बोलता येतं. त्यामुळे ४८ मिनिटांच्या सामन्याला दोन तासांहून जास्त वेळ जातो. म्हणजे महागाचं तिकीट काढून आलेल्या माणसासमोर निम्म्याहून जास्त वेळ खेळ चालूच नसतो!

हा रिकामा वेळ भरायचा कसा? १९७९ साली जेरी बस नावाच्या गृहस्थांनी लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ विकत घेतला. लोकांना सामन्याबरोबर करमणूकही मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सामन्यात वाद्यवृंद बसवला आणि नाचणाऱ्या मुलींचा ताफा उभा केला, 'लेकर गर्ल्स'. हळूहळू बाकीच्या संघांनीही तसेच ताफे केले.

आज तिथे खेळाडू मैदानात येताना दिवे मालवतात. मग निवेदक एकेकाचं नाव लांबवून पुकारतो. बैलगाडा शर्यतीच्या घाटात आपला पुकारणारा बैलांच्या मालकाचं नाव कसं घेतो, तसंच. वर मोठ्या पडद्यावर 'आवाज करा' अशी अक्षरं येतात. गर्दीत टी-शर्ट उडवतात. आपल्या प्रो कबड्डीत, आयपीएलमध्ये जे दिवे-गाणी दिसतात, ती रीत अशा ठिकाणाहूनच आली.

आणि सोंगं! आपल्या बहुरूप्यासारखी. फिनिक्स शहराच्या संघाचं सोंग आहे गोरिला माकडाचं. १९८० च्या सुमारास कुणाला तरी गाण्यातून निरोप द्यायला गोरिलाचा पोशाख घालून एक निरोप्या सामन्यात आला. लोक त्याच्यावर इतके खूश झाले की संघाने त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं, आणि गोरिला संघाचं चिन्हच होऊन बसला.

मध्यंतरातली सगळ्यांची आवडती कलाकार मात्र एक बाई आहे. तिला 'रेड पांडा' म्हणतात. नाव रॉंग न्यू, मूळची चीनची. सात-आठ फूट उंच, एकाच चाकाच्या सायकलवर बसते. पायावर वाट्या ठेवते, पाय झटकून त्या वर उडवते आणि डोक्यावर झेलते. एका पायाने पेडल मारत तोल सांभाळायचा आणि दुसऱ्याने वाट्या उडवायच्या. हजारो माणसं श्वास रोखून बघतात. जुलै २०२५ मध्ये मिनियापोलिसला बायकांच्या सामन्यात ती त्या उंच सायकलवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. काही महिन्यांनी बरी होऊन ती पुन्हा सायकलवर चढली. मध्यंतरातली पाच-सात मिनिटं आपण चहा पिता पिता बघतो. त्यामागे कुणाचा तरी जन्मभराचा सराव असतो आणि कुणाचं तरी हाड पणाला लागलेलं असतं.

हे सगळं काढून टाकलं तर? न्यूयॉर्कच्या संघाने मार्च २०१७ मध्ये ते करून पाहिलं. सामन्याच्या पहिल्या अर्ध्या भागात गाणी नाहीत, नाच नाही, पडद्यावर काही नाही. लोकांनी नुसता खेळ ऐकावा, चेंडूचा ठपठप आवाज, बुटांचं करकरणं. काहींना ते फार आवडलं. पाहुण्या संघातला ड्रेमंड ग्रीन हा खेळाडू मात्र चिडला. खेळ इतका पुढे आला, मागे कशाला नेता, असं त्याचं म्हणणं होतं.

आणि गर्दीच काढून टाकली तर? तेही झालं. कोरोनाच्या काळात, जुलै २०२०पासून, बावीस संघ फ्लोरिडात एका ठिकाणी ठेवून सामने खेळवले. प्रेक्षकांना बंदी. मग मैदानाच्या तीन बाजूंना १७ फूट उंच पडदे लावले आणि घरी बसलेल्या तीनशेहून अधिक माणसांचे चेहरे त्यांवर दाखवले. गलक्याचा आवाज यंत्रातून सोडला. करोडो रुपये कमावणारे खेळाडू, पण समोर माणसं नाहीत तर खेळाला रंग नाही, हे त्यांच्या मालकांनीच मान्य केलं की नाही?

म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला किंमत आहे. ही किंमत ओळखलेल्या एका गावाची गोष्ट सांगते.

कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटो नावाचं शहर आहे. राज्याची राजधानी, पण भोवताली सगळी शेती. लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी एकदा त्याला 'गुराढोरांचं गाव' म्हणून हिणवलं. तिथल्या लोकांनी काय करावं? गायीच्या गळ्यात बांधतात तसल्या घंटा घेऊन ते सामन्याला आले आणि लेकर्सच्या कानाशी बडवायला लागले. ज्याची लाज वाटावी म्हणून हिणवलं, तेच त्यांनी हातात घेऊन वाजवलं. पुढे त्या घंटा ही त्या गावाची ओळख झाली.

२०१३ साली हा संघ विकून सिॲटल शहरात न्यायचं जवळपास ठरलं होतं. सॅक्रॅमेंटोच्या लोकांनी मोहीम उघडली. सभा घेतल्या, नगरपालिका कामाला लावली, दुसरे खरेदीदार शोधले. शेवटी सगळ्या संघांच्या मालकांनी मतदान केलं. २२ विरुद्ध ८ मतांनी ठरलं, संघ हलवायचा नाही. तो विकत घेणाऱ्यांचे प्रमुख होते विवेक रणदिवे, आपल्या मुंबईत जन्मलेले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला त्या लोकांनी सभागृहात असा गलका केला की १२६ डेसिबलची नोंद झाली आणि गिनेस बुकात विक्रम लागला. इतका आवाज कानांना दुखतो. पण आपलं टिकवल्याचा आनंद होता तो.

हाच संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीला आला होता. एनबीएचे भारतातले ते पहिले सामने. समोर होता इंडियाना पेसर्स. ४ ऑक्टोबरच्या पहिल्या सामन्याला सुमारे तीन हजार शाळकरी मुलं बसवली होती. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. त्या पोरांनी डोम कसा डोक्यावर घेतला असेल, विचार करा.

गर्दीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती याच पेसर्सच्या वाट्याला आली होती. १९ नोव्हेंबर २००४ला डेट्रॉइटच्या सभागृहात सामना संपायला मिनिटभरही उरलं नव्हतं. खेळाडूंची बाचाबाची झाली. तेवढ्यात एका प्रेक्षकाने पेयाचा पेला खेळाडूच्या अंगावर फेकला. खेळाडू गर्दीत घुसला आणि हाणामारी सुरू झाली. नऊ खेळाडूंवर बंदी आली. नंतर प्रेक्षकांनी कसं वागायचं याचे नियम केले, आणि सामन्याच्या शेवटच्या भागात दारू विकायची नाही असं ठरलं. ज्या गावात आडवी बाटली करून दुकान बंद झालं, तिथल्या बायांना यातलं काही नव्याने सांगायला नको. आवाज चांगला, पण तो शुद्धीत असला पाहिजे.

आता नाचणाऱ्या मुलींकडे येते. आपल्याला वाटतं, अमेरिकेतल्या त्या मुली, चकचकीत कपडे, टीव्हीवर दिसतात, पैसे खोऱ्याने मिळत असतील. तसं नव्हतं. २०१५ साली मिलवॉकीच्या बक्स संघाच्या एका माजी नर्तकीने कोर्टात दावा लावला. तिचं म्हणणं साधं होतं. सामन्याचे ठरावीक पैसे मिळतात, सरावाचे थोडे मिळतात. पण सरावाचे, व्यायामाचे, तयारीचे सगळे तास मोजले तर तासाला कायद्याने ठरलेलं किमान वेतनसुद्धा पडत नाही. क्लबने आरोप नाकारले. पुढे अडीच लाख डॉलरवर तडजोड झाली.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. अमेरिकन फुटबॉलच्या संघांतल्या मुलींनी त्याआधीच दावे लावलेले होते. कायदा मांडणाऱ्या आमदार लोरेना गोन्झालेझ कॉलेजात असताना स्वतः चीअरलीडर होत्या. कायदा म्हणाला, व्यावसायिक संघासाठी नाचणारी मुलगी ही त्या संघाची कर्मचारी आहे. तिला किमान वेतन, जादा तासांचे पैसे, आजारपणाची रजा मिळालीच पाहिजे. १ जानेवारी २०१६पासून तो लागू झाला. काही संघांनी वेगळी वाट धरली. सॅन अँटोनियोच्या संघाने २०१८ साली मुलींचा ताफाच बंद केला आणि त्या जागी मुलं-मुली दोघांचं पथक आणलं.

मैत्रिणींनो, आता घरी या. आपल्याला फोन येतो, 'मॅडम, उद्या कार्यक्रम आहे, पन्नास महिला पाठवा.' कार्यक्रम कशाचा, ते धड सांगत नाहीत. वेळ दहाची, पाहुणे येणार दोनला. बाया एकसारख्या साड्या नेसून, डोक्यावर कलश घेऊन उन्हात उभ्या. लेझीम पथकाने आठ रात्री सराव केलेला. एखादीची खुरपणीची मजुरी बुडालेली, एखादीचं तान्हं घरी रडतंय. व्यासपीठावर सत्कार होतात, फोटो निघतात. आपल्याला एक वडापाव आणि पाण्याची बाटली. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, 'महिलांची लक्षणीय उपस्थिती'. ती लक्षणीय उपस्थिती म्हणजे आपण!

जाऊच नका, असं मी म्हणत नाही. योजनेची माहिती मिळते, ओळखी होतात, चार बायांना बाहेर पडायला मिळतं. पण आपण गेल्याने त्यांच्या मंडपाला रंग चढतो, हे ध्यानात ठेवून जा. निरोप आला की गटात बसा आणि आधी विचारा. आम्हाला ऐकायला बोलावलंय की खुर्च्या भरायला? सुरू कधी, संपणार कधी? गाडी, जेवण, सावली आणि बायांसाठी स्वच्छतागृह आहे का? लेझीम किंवा ढोल पथक हवं असेल तर मानधन किती, आणि त्यात सरावाचे दिवस धरलेत का? आमच्यातल्या एकीला पाच मिनिटं बोलायला मिळेल का? उत्तरं मिळाली की ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव करा आणि इतिवृत्तात लिहा. कोण गेली, किती तास गेले, काय मिळालं. सहा महिन्यांनी ती पानं उलटून बघा. तुमच्या तासांचा आकडा बघून तुमच्याच घरातले गप्प होतील.

आणि आवाज कुठे करायचा, तेही आपणच ठरवू. पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवायला पन्नास जणी जातो, मग ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेला पाचच जणी का? पाण्याची टाकी, अंगणवाडीचं छप्पर, रस्त्यावरचा दिवा, हे विषय तिथे असतात. सॅक्रॅमेंटोच्या लोकांनी आपल्या संघासाठी घंटा वाजवल्या. आपण तिथे पन्नास जणी नुसत्या जाऊन बसलो, तरी समोरच्याला कागद नीट वाचावा लागेल.

या महिन्याच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या आणि काय ठरलं ते आपल्या केंद्रावर कळवा. पुढच्या वेळी शेळ्यांच्या विम्याचं राहिलेलं सांगते. नमस्कार.