सवंगड्यांचा कौल

संगणकावरचे खेळ म्हटले कीं सुशिक्षित घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढें बहुधा एकच चित्र उभें राहतें: तलवारी, राक्षस, आरडाओरडा आणि मुलांच्या अभ्यासाचा नाश. हें चित्र अगदींच खोटें आहे असें नाहीं. परंतु या खेळांची एक जात अशी आहे कीं, तींत लढाईइतकीच महत्त्वाची एक गोष्ट चाललेली असते, आणि ती दारांतून डोकावून पाहणाऱ्याच्या लक्षांत सहसा येत नाहीं. खेळणारा एखाद्या वीराची भूमिका घेतो. त्याच्याबरोबर चारदोन सोबती चालत असतात; कुणी भाविक, कुणी भामटा, कुणी शिपाईगडी, कुणी रानांत वाढलेली मांत्रिक स्त्री. वाटेंत भिकारी भेटतो, शरण आलेला शत्रु भेटतो, बेवारस पेटी सांपडते. काय करावयाचें तें खेळणारा ठरवतो, आणि सोबती त्या करणीवर आपला कौल देतात. कुणी वाखाणतो, कुणी तोंड फिरवतो, आणि एखादा आपलें गाठोडें उचलून चालूं लागतो.

हा कौल खरा कीं नुसता देखावा, हें पाहण्यासारखें आहे. ज्या वयांत मुलगा मित्रांच्या मताला आईबापांच्या मतापेक्षां अधिक मानूं लागतो, त्याच वयांत हे खेळ बहुधा त्याच्या हातीं पडतात.

यांचा उगम यंत्रांत नाहीं, मेजाभोंवतीं आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल, फांसे आणि चारसहा माणसें, एवढेंच साहित्य. एकानें सूत्रधार व्हावयाचें, बाकीच्यांनीं सोंगें घ्यावयाचीं. तेथें कुणीं कैद्याचा गळा कापला, तर शेजारीं बसलेला हाडामांसाचा मित्र भुंवया चढवूं शकतो. खेळ यंत्रांत शिरला आणि खेळणारा एकटा पडला. त्या चढलेल्या भुंवईची उणीव कशानें भरून काढावी, हा पेंच तेव्हांपासून खेळ रचणाऱ्यांपुढें आहे.

पहिलें मोठें उत्तर १९८५ सालचें. रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’ मालेंतील चौथ्या खेळाचें नांवच ‘क्वेस्ट ऑफ दि अवतार’. अवतार हा शब्द येथूनच तिकडे गेलेला. या खेळांत कुणा दुष्टाचा वध हें साध्य नसून करुणा, सत्य, न्याय, नम्रता इत्यादि आठ गुण अंगीं बाणवून स्वतःच अवतारपदाला पोंचावयाचें असतें. मंत्राला लागणारीं औषधीद्रव्यें विकणारे दुकानदार आंधळे आहेत. किंमत ते सांगतात, पण नाणीं मोजून देणारा खेळणारा स्वतः. एकच नाणें ठेवून तो चालता झाला तरी कुणी हटकीत नाहीं. यंत्र मात्र मुकाट्यानें नोंद करतें आणि पुढें सत्याच्या खात्यांत तूट दिसते. सोबती येथेंही आहेत, प्रत्येक जण एकेका गुणाचा प्रतिनिधी. पण त्या चोरीबद्दल ते अवाक्षर काढीत नाहींत. चित्रगुप्त हजर, सवंगडी मुके! त्याच मालेंतील १९९२ सालच्या सातव्या खेळांत ते बोलूं लागले. वीरानें कुणाच्या घरांतली वस्तु उचलली तर त्याला टोकतात, आणि चोऱ्या थांबल्या नाहींत तर साथ सोडतात.

१९९८ सालीं कॅनडांतील एडमंटन शहरच्या बायोवेअर कंपनीनें ‘बाल्डर्स गेट’ काढला. त्यांत सोबत्यांना ठसठशीत स्वभाव आले, आपसांत भांडणें आलीं. पण कौल देण्याची पद्धत ढोबळच राहिली. सगळ्या टोळीचा मिळून लौकिकाचा एक आंकडा, १ पासून २० पर्यंत. तो फार खालीं गेला कीं सज्जन सोबती निघून जातात, फार वर चढला कीं दुर्जन वैतागून जातात. म्हणजे ते करणी पाहत नाहींत, लौकिक पाहतात. आणि लौकिक घसरलाच, तर देवळांत जाऊन मोहरा ओताव्यात. तो पुन्हां वर येतो. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या वाचण्याची ज्यांच्या डोळ्यांना संवय आहे, त्यांना यांत फारसें नवल वाटूं नये. खेळ म्हणून ‘बाल्डर्स गेट’ उत्तम. निवाडा म्हणून तो चव्हाट्यावरच्या गप्पांपलीकडे गेला नाहीं.

याहून निराळी एक सोबतीण २००४ सालीं आली. ऑब्सिडियन या अमेरिकन कंपनीनें रचलेला ‘नाइट्स ऑफ दि ओल्ड रिपब्लिक’चा दुसरा भाग नक्षत्रलोकींचा खरा, परंतु तलवारी आणि सिद्धि यांमुळें अद्भुतकथांचाच भाऊबंद. त्यांत क्रेया नांवाची वृद्ध गुरु वीराबरोबर हिंडते. नार शाडा येथील निर्वासितांच्या वस्तींत एक भिकारी पांच नाणीं मागतो. दिलीं, तर क्रेया शाबासकी देत नाहीं. फुकट दिल्यानें त्याचें बळ वाढलें कीं घटलें, असें विचारते. आणि पुढें काय घडलें तें दाखवते: दुसरा एक गांजलेला माणूस त्या भिकाऱ्यावर झडप घालतो आणि मिळालेलें हिसकावून घेतो. बरें, धमकावून हांकलून द्यावें, तरी बोलणीं चुकत नाहींत. अपमान गिळलेला तो भिकारी आपल्यासारख्याच दुसऱ्या दुबळ्यावर राग काढतो.

क्रेयेचें तत्त्वज्ञान मान्य करणें कठीण आहे. दान घेतल्यानें माणूस दुबळा होतो, हें वाक्य पोट भरलेल्याच्या तोंडीं नेहमींच सोयीचें असतें. पण तिच्या बोलण्यानें एक मोठी गोष्ट साधली. सोबत्याचें मत म्हणजे खेळ रचणाऱ्यानें मारलेला शिक्का नव्हे, तें एका विशिष्ट माणसाचें मत आहे आणि तें चुकीचेंही असूं शकतें, हें खेळणाऱ्याला प्रथमच इतक्या स्पष्टपणें कळलें. तिला उत्तर द्यावयाचें तर स्वतःच्या करणीचें कारण स्वतःला ठाऊक असावें लागतें.

बायोवेअरनेंच २००९ सालीं काढलेल्या ‘ड्रॅगन एज: ऑरिजिन्स’ या खेळांत प्रत्येक सोबत्याचा वेगळा आंकडा आला: वजा १०० पासून १०० पर्यंत. रानांत जादूगार आईच्या हाताखालीं वाढलेल्या मॉरिगनला वाटसरूंच्या मदतीसाठीं थांबणें हा वेळेचा अपव्यय वाटतो. अॅलिस्टर या तरुण योद्ध्याला तेंच आवडतें. एकाच शब्दानें एकाचा आंकडा चढतो, दुसऱ्याचा उतरतो. माणसांच्या मेळाव्यांत असेंच होतें, तेव्हां इतपत ठीक. परंतु आंकडा डोळ्यांपुढें असला कीं त्याचा लोभ सुटतो. खेळणारा काय योग्य हें न पाहतां कुणाला काय रुचेल हें पाहूं लागतो. कोणत्या उत्तरानें किती अंक मिळतात याचे तक्ते शोधतो. ज्याला राग येईल त्याला छावणींत बसवून पापकृत्यापुरता दुसऱ्याला बरोबर नेतो. शिवाय भेटवस्तु आहेतच. मॉरिगनला दागिना द्यावा, झालेली नाराजी भरून निघते. गुण अंगीं आणण्याऐवजीं गुण मिळवण्याचा हा प्रकार शाळेच्या भिंतींपलीकडेही इतका सहज रुजावा, ही खेदाची गोष्ट आहे.

आणि तरीही याच खेळांत, शेवटाकडे, एक प्रसंग असा येतो कीं आंकडा पार निरुपयोगी ठरतो.

अॅलिस्टर हा ग्रे वॉर्डन नांवाच्या योद्ध्यांच्या पंथांतला. डंकन हा त्या पंथांतला वडील माणूस त्याला बापाच्या ठिकाणीं. कथेच्या आरंभीं ऑस्टगारच्या लढाईंत सेनापति लोघेन आपली फौज मागें घेतो. राजा मरतो, डंकन मरतो, आणि लोघेन उलट वॉर्डनांनाच देशद्रोही ठरवून त्यांच्या पाठीस लागतो. पुढें सरदारांच्या सभेंत लोघेनचा पाडाव होतो आणि त्याचें काय करावयाचें हें वीराच्या हातीं येतें. त्या वेळीं रिऑर्डन नांवाचा एक अनुभवी वॉर्डन सुचवतो कीं, याला मारूं नये, पंथाची दीक्षा द्यावी. दीक्षाविधींत तो मेला तर मेला. जगला तर एक वॉर्डन वाढेल, आणि येणाऱ्या संकटापुढें देशांत वॉर्डन तर बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. सल्ला शहाणपणाचा आहे. त्यांत क्षमाही आहे आणि राज्याचें हितही आहे.

अॅलिस्टरला तो मान्य नाहीं. डंकनला ज्यानें मरूं दिलें, त्याला त्याच पंथाचा मान द्यावयाचा, हें त्याच्यानें सोसवत नाहीं. लोघेनला अभय मिळालें कीं तो वीराची साथ सोडतो. त्याच्या स्नेहाचा आंकडा पूर्ण १०० असला तरी सोडतो. सबंध प्रवासांत दिलेल्या भेटी, जपून निवडलेलीं उत्तरें, छावणींतल्या शेकोटीजवळचीं थट्टामस्करीचीं बोलणीं, यांतलें कांहीं त्याला अडवूं शकत नाहीं. वीराची करणी वाईट म्हणून तो जात नाहीं, हें विशेष. ती कदाचित् बरोबरच होती. तो जातो, कारण ती करणी पोटांत घालून बरोबर चालणें त्याला शक्य नाहीं. न्यायनिष्ठुर निवाडे यंत्राला फार पूर्वींच देतां आले होते; दुखावलेल्या मित्राचा निवाडा देणें त्याहून कठीण, आणि तें येथें साधलें आहे. अॅलिस्टरचा हट्ट पोरकट आहे असें कित्येक खेळणारे म्हणतात. त्यांच्या चिडण्यांतच त्या प्रसंगाचें यश आहे; आंकड्यावर कुणी चिडत नाहीं.

निघून जाणें हा मात्र नाराजीचा एकच मार्ग नव्हे. वनवासांत युधिष्ठिराला द्रौपदीनें आणि भीमानें किती कठोर शब्द ऐकवले, तें महाभारताच्या वनपर्वांत आहे. पण दोघांपैकीं कुणीं त्याला सोडलें नाहीं. बिभीषणानें रावणाला सोडलें. खेळांतले सोबती बराच काळ बिभीषणाच्याच वाटेनें जात. २०११ सालच्या ‘ड्रॅगन एज’च्या दुसऱ्या भागांत दुसरी वाट निघाली. तेथें पट्टीच्या एका टोंकाला स्नेह आहे, तर दुसऱ्या टोंकाला चुरशीचा विरोध. आणि पुरा विरोध करणाराही सोबतीच राहूं शकतो, भांडतो, पण पाठीशीं उभा राहतो. इझाबेला ही दर्यावर्दी स्त्री ऐन संकटांत पळून जाते. पुढें ती परत येते कीं नाहीं, हें बव्हंशीं एवढ्यावर ठरतें कीं तिच्याशीं असलेलें नातें, गोड असो वा कडू, पुरेसें गाढ झालें होतें कीं नाहीं. ज्यानें तिला राग येऊं नये आणि प्रेमही जडूं नये अशा बेतानें गुळमुळीत उत्तरें दिलीं, त्याच्यासाठीं ती परतत नाहीं. खुशमस्करीला याहून नेमकें उत्तर या खेळांनीं दुसरें दिलेलें नाहीं.

एक पळवाट मात्र सर्वांतच राहिली होती. खेळाची स्थिति हवी तेव्हां जपून ठेवतां येते आणि पुन्हां तेथूनच आरंभ करतां येतो. सोबती रागावला? मागें जावें, दुसरें उत्तर द्यावें. घडलेलें न घडलेलें करतां येत असेल, तर रागाला किंमत ती काय! बेल्जममधील लॅरियन या कंपनीनें २०२३ सालीं ‘बाल्डर्स गेट’चा तिसरा भाग प्रसिद्ध केला. त्यांत सोबत्याची पसंती-नापसंती पडद्याच्या कोपऱ्यांत एका ओळीनें उमटते, आणि ती पुसण्यासाठीं मागें जाणारेही पुष्कळ. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेरीस तींत एक कडक रीत घातली गेली. या रीतींत जपणूक एकच, आणि यंत्र ती आपणहून पुढें सरकवीत असतें. निर्वासित बायकामुलांनीं जेथें आसरा घेतला आहे त्या राईवर वीरानें गॉब्लिनांच्या बाजूनें हल्ला केला, तर विल आणि कार्लाक हे दोघे सोबती त्याला सोडून जातात. कार्लाक तर त्या निर्वासितांच्याच जातीची. एरवीं त्यांना परत आणण्यास मागची एखादी स्थिति उघडणें पुरतें. या रीतींत राई जळून गेल्यावर उघडण्यास मागचें कांहीं उरलेलें नसतें, आणि पुढचा सगळा प्रवास त्या दोघांवांचून करावा लागतो.