काडतुसाचे माप : सुरक्षिततेची कसोटी



पांढुर्णा-सौंसर भागात ज्यांच्यापाशी परवान्याची रायफल आहे, त्यांना रिकामे काडतूस पुन्हा भरून घेण्याचा मोह होणे शक्य आहे. परंतु बार उडताच पितळी कवच फुगते व लांबते. ते पुन्हा मापात आले काय, हे डोळ्यांना नव्हे, पोलादी मापकालाच कळते.

मापकाच्या कडेस दोन पायऱ्या असतात. कवचाचे बूड त्यांच्या दरम्यान बसावे. बूड वर राहिल्यास कवचाचा खांदा पुरेसा मागे गेलेला नसतो. फार खाली गेल्यास तो प्रमाणाबाहेर दाबलेला असतो. असे कवच बुडाजवळ फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय काडतुसे बनविणे गुन्हा आहे. म्हणून घरगुती प्रयोग टाळावेत व परवानाधारक विक्रेत्याकडून नवीच काडतुसे घ्यावीत.