रॅमचा वेग आणि गटाचा हिशेब

आमच्या बचत गटाचा कॉम्प्युटर फार हळू चालायचा. गावातल्या एका मुलाने सेटिंगमध्ये जाऊन रॅमचा वेग वाढवून दिला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. डीडीआर-४ रॅमला साधारण १.२ व्होल्ट लागतात, वेगासाठी बरेचदा १.३५ देतात. गेम, व्हिडिओच्या कामात थोडा फायदा होतो, खर्चही नसतो. आम्ही खूश झालो.

आठवड्याभरात कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला. एक दिवस कर्जाची फाइल उघडेचना. वेग झेपला नाही तर रॅम चुकते, पण चुकल्याचं सांगत नाही. कच्ची वही होती म्हणून बरं! दोन दिवस बसून सगळा हिशेब पुन्हा भरला. सेटिंग पूर्ववत केल्यावर त्रास थांबला. मुळात दोष जुन्या हार्ड डिस्कचा होता. एसएसडी बसवली, काम झटपट होऊ लागलं.

वेग वाढवायचाच असेल तर आधी फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, जुनं सेटिंग लिहून ठेवा आणि रात्रभर रॅमची तपासणी चालवा. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर मात्र हा प्रयोग नकोच. दोन मिनिटं उशीर चालेल, सखीच्या बचतीचा आकडा चुकून चालणार नाही.