थोरल्या संस्थेचे छत्र



सार्वजनिक काम सुरू करायला चार माणसे पुरतात. ते कायद्याच्या चौकटीत बसवायला मात्र चाळीस कागद लागतात. ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत तिच्यावर एक तोड काढलेली आहे. तिला तेथे ‘फिस्कल स्पॉन्सरशिप’ म्हणतात. आपण तिला ‘आर्थिक पालकत्व’ म्हणू. या पालकत्वाचे गुणदोष आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

गल्लीतल्या पडीक जागेवर बाग करणारी एखादी मंडळी घ्या. लोक देणगी द्यायला तयार असतात. पण देणाऱ्याला प्राप्तिकरात सूट मिळायची, तर घेणारी संस्था अमेरिकन करकायद्याच्या ५०१ (क) (३) या कलमाखाली मान्यता पावलेली हवी. मोठे धर्मादाय निधीही बहुधा अशाच संस्थेला पैसे देतात. ती मान्यता मिळवायची म्हणजे अर्ज, शुल्क, कार्यकारी मंडळ, दरसालचे विवरणपत्र हे सारे आले. दोन वर्षांत संपणाऱ्या कामासाठी एवढा पसारा कोण मांडणार? म्हणून ही मंडळी एखाद्या मान्यताप्राप्त थोरल्या संस्थेच्या छत्राखाली जातात. देणगी थोरलीच्या नावाने येते, पावती तीच देते, हिशेब तीच ठेवते. या सेवेबद्दल ती काही टक्के कापून घेते. साधारणतः पाच ते पंधरा. दहा टक्के धरले, तर दहा हजार डॉलरांतले नऊ हजार बागेला लागतात.

याचे प्रकार अनेक आहेत. ग्रेगरी कॉल्विन या वकिलाने १९९३ साली या विषयावर पुस्तक लिहिले, त्यात सहा प्रकार सांगितले. त्यांपैकी दोन विशेष रूढ आहेत. पहिल्यात लहान मंडळी थोरल्या संस्थेचाच एक भाग होते; तिचे नोकर थोरलीचे, तिची देणीघेणीही थोरलीची. दुसऱ्यात लहान मंडळी कायद्याने वेगळीच राहते आणि थोरली तिला अनुदान देते.

आता खरी मेख ऐका. दोन्ही प्रकारांत देणगी हातात येते तेव्हा ती कायद्याने थोरल्या संस्थेची असते. ती नुसती पोस्टमनसारखी पैसे पोचवू लागली, तर देणगीदाराची करसवलत धोक्यात येते. पैशावर तिचा ताबा आणि विवेक दोन्ही चालले पाहिजेत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. म्हणजे घाम गाळून जमवलेला पैसा लहान मंडळींचा, आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! ही व्यवस्था सर्वस्वी विश्वासावर उभी आहे.

तो विश्वास ढळला म्हणजे काय होते, ते सॅन फ्रान्सिस्को शहराने २०२५ साली पाहिले. तेथील पार्क्स अलायन्स ही उद्यानांसाठी काम करणारी मोठी संस्था होती. ऐंशीच्या आसपास लहान मंडळांचे पैसे तिच्याकडे होते. विशिष्ट कामांसाठी दिलेले किमान ३८ लाख डॉलर तिने आपल्या रोजच्या खर्चाकडे वळवल्याचे उघड झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती बंद पडली. ज्यांनी झाडांसाठी पै पै गोळा केली, त्यांना आपलाच पैसा मागायला दार उरले नाही.

मग हे छत्रच टाकून द्यावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. छत्राखाली शिरण्यापूर्वी त्याच्या काड्या तपासाव्यात, एवढेच. करार लेखी असावा. त्यात टक्केवारीबरोबरच, उद्या दुसरीकडे जायचे झाल्यास शिल्लक कशी हलवायची, तेही लिहिलेले असावे. दरमहा जमाखर्च मागावा. आणि थोरल्या संस्थेचा ताळेबंद स्वतः वाचावा. ठरावीक कामांसाठी राखलेला निधी एका बाजूला मांडा. बँकेतली रोकड आणि झटकन मोडता येणारी गुंतवणूक दुसऱ्या बाजूला मांडा. दुसरा आकडा पहिल्याहून लहान असेल, तर कोणाचा तरी पैसा कोणाच्या तरी पगारात गेला असण्याचा संभव आहे, हे ओळखावे आणि खुलासा मागावा.

आपल्याकडे १९५० च्या कायद्याने सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. नोंदणी नसलेली मंडळी ओळखीच्या संस्थेच्या नावाने पावती फाडतात, ही गोष्टही आपल्याला नवी नाही. पण अमेरिकेचा कित्ता जसाच्या तसा येथे गिरवता येत नाही. परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसरीकडे सुपूर्द करण्यास मनाई आहे. तेव्हा वर सांगितलेला दुसरा प्रकार परदेशी पैशापुरता येथे बंदच झाला आहे.

देशातल्या पैशाच्या बाबतीत मात्र प्रश्न कायद्याइतकाच रीतीचा आहे. नाव थोरल्या संस्थेचे वापरायचे आणि लेखी काहीच ठेवायचे नाही, हा आपला भिडस्तपणा उद्या भांडणाचे मूळ होतो. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. ज्याने रुपया दिला त्याचे ते देणे आहे. ते थोरल्यांनीही फेडावे आणि धाकट्यांनीही मागून घ्यावे.