तरुणांचे ध्येय आणि कर्जे-हसना
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



नोकरीऐवजी स्वतःचा धंदा करू इच्छिणाऱ्या तरुणाने कोणते ध्येय ठेवावे, या विषयावर मी बोलावे असे मला सांगण्यात आले आहे. मी शिक्षक आहे, व्यापारी नाही. तेव्हा धंद्याच्या खाचाखोचा मी तुम्हांला शिकवणार नाही. परंतु फळा, खडू आणि साधे अंकगणित यांच्या आधारे जेवढे सांगता येईल तेवढे सांगणार आहे.

आपले पडघा मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. आता तर आपल्या शेजारच्या आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग आला आहे. इगतपुरी ते आमणे हा त्याचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. भिवंडी तालुक्यात जिकडे पाहावे तिकडे गोदामे उभी आहेत. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांतील काहींच्या हाती पैसा आला. पण जमिनीचा पैसा एकदाच येतो. तो घरात, गाडीत आणि लग्नकार्यात संपला, की त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या गोदामात आपला मुलगा रोजंदारीने पेट्या उचलायला जातो. त्या कामात कमीपणा काहीच नाही, हलालची कमाई आहे. परंतु रस्ता आपल्या दारावरून जात असताना टेम्पोची दुरुस्ती, टायरचे दुकान, गोदामांतील कामगारांचे जेवणाचे डबे, शिलाईकाम, मोबाईल दुरुस्ती हे धंदे आपल्या मुलामुलींनी का करू नयेत? कारण विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते, "सर, भांडवल नाही." माझ्या मते दोन गोष्टी नाहीत. थोडे भांडवल नाही आणि नेमके ध्येय नाही. त्यांतले ध्येय आधी पाहू.

वर्गात मुलांना विचारले, "पुढे काय करणार?" तर उत्तर येते, "मोठा बिझनेसमन होणार." ही इच्छा झाली. ध्येयाला रक्कम लागते, मुदत लागते आणि त्यासाठी उद्या सकाळी करायचे एखादे काम लागते. "येत्या रमजानपूर्वी दोन शिलाई मशिने घ्यायची, त्यासाठी दरमहा इतके रुपये बाजूला टाकायचे" हे ध्येय झाले.

याचा उत्तम धडा आपल्याला हदीस शरीफमध्ये मिळतो. एक अन्सारी गृहस्थ हजरत पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आले. हुजूरांनी (स.) विचारले की घरात काहीच नाही काय? एक चादर आणि पाण्याचे एक भांडे होते. ते आणवून हुजूरांनी (स.) त्यांचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एका दिरहमचे घरी अन्न न्यावयास सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणावयास सांगितली, आपल्या हाताने तिला दांडा बसवून दिला आणि फर्मावले की लाकडे तोडून विका, पंधरा दिवस मला दिसू नका. ते गृहस्थ परतले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम झाले होते.

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट आपण अनेकदा ऐकली असेल. आज ती हिशेबनीसाच्या नजरेने पाहा. प्रथम घरात काय आहे ते पाहिले. घरखर्चाचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळा केला. भांडवलातून अवजार घेतले. मुदत ठरवून दिली. मुदत संपल्यावर कमाई पाहिली. आजची व्यवस्थापनाची पुस्तके पानेच्या पाने भरून जे सांगतात, त्यातले सार या पाच गोष्टींत आले.

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातील माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी मुलूख. तेथे म्हसवड गावी श्रीमती चेतना सिन्हा या कार्यकर्त्या काम करीत होत्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घेता यावा म्हणून तिला बचत करायची होती. पण रक्कम फारच लहान, म्हणून बँक तिचे खाते उघडीना. तिचे ध्येय किती नेमके होते पाहा: वस्तू ठरलेली आणि पाऊस ही मुदत. अशा बायांसाठी बँकच काढावी असे ठरले. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नामंजूर केला, कारण अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे होते. बायांनी हाय खाल्ली नाही. त्या लिहावाचायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय करून दाखवावा! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. ही बँक व्याज घेते, हे मी लपवीत नाही. त्या मुद्द्यावर पुढे येतो. पण पै-पैची रक्कम सन्मानाने वहीत नोंदवावी आणि लहान माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हा धडा आपण म्हसवडकडून जरूर घ्यावा.

येथवर कमाईच्या ध्येयाचे बोललो. परंतु मला आज आग्रहाने सांगायचे आहे ते दुसऱ्या ध्येयाबद्दल. ज्या दिवशी तुम्ही कमाईचा आकडा लिहाल, त्याच दिवशी, त्याच कागदावर, देण्याचाही आकडा लिहा. "मोठा झालो की देईन" असे म्हणणाऱ्याला मोठे झाल्याचा दिवस सहसा सापडत नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदिनेत आले तेव्हा त्यांच्याजवळ काही नव्हते. हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी त्यांना आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि एवढेच विचारले की बाजार कुठे आहे? तूप आणि सुकवलेले दही विकून सुरुवात केली. पुढे मोठे धनवान झाले आणि तितकेच मोठे दाते झाले.

देण्याचे मार्ग अनेक. जकात फर्ज आहे, सदका आहे, ते आपापल्या जागी राहतीलच. ज्याला उद्याची भाकर नाही त्याला कर्ज नव्हे, मदतच दिली पाहिजे. परंतु ज्याच्या हाताला काम येते आणि फक्त अवजार कमी आहे, अशा माणसाला कर्जे-हसना, म्हणजे बिनसुदी कर्ज, द्यावे. त्यामुळे त्याची मान ताठ राहते आणि पैसाही परत कामाला येतो. कसा येतो ते फळ्यावर मांडू.

समजा, गावातील दहा कमावत्या तरुणांनी प्रत्येकी ५,००० रुपये काढले. ५०,००० रुपयांचा निधी झाला. दहा जणांना ५,००० प्रमाणे कर्ज दिले. फेड दरमहा ५००, दहा महिने. पहिल्या महिन्यात ५,००० परत आले, ते अकराव्या माणसाला दिले. दुसऱ्या महिन्यात अकरा हप्ते म्हणजे ५,५०० आले, बाराव्याला दिले, ५०० उरले. असेच करीत जा. एकही हप्ता चुकला नाही, तर दहाव्या महिन्याअखेर त्याच ५०,००० रुपयांतून पंचवीस माणसांना कर्ज मिळालेले असेल आणि ३,००० रुपये पेटीत शिल्लक असतील. मुलांनी घरी जाऊन हे गणित करून पाहावे. दान दिले असते तर दहा जणांवर संपले असते. यात एक पैसाही सूद नाही. मात्र सारे गणित "एकही हप्ता चुकला नाही" या चार शब्दांवर उभे आहे, हे विसरू नका.

बाजारात काय चालते तेही पाहा. रोजच्या वसुलीवर कर्ज देणारे लोक अनेक ठिकाणी १०,००० लिहून घेतात आणि हातात ९,००० ठेवतात. फेड रोज १०० रुपये, शंभर दिवस. भाजीवाल्याला वाटते, हजार रुपयेच तर जास्त गेले. पण मुद्दल रोज कमी होत जाते, हे धरून हिशेब केला तर वर्षाचा दर शेकडा ७५ च्या वर जातो!

सुदाशिवाय संस्था चालेल कशी, अशी शंका काही जण घेतील. उत्तर प्रदेशातील देवबंद येथे १९६१ साली मुस्लिम फंड सुरू झाला. लोकांच्या बिनव्याजी ठेवी आणि दागिन्यांच्या तारणावर बिनसुदी कर्ज, अशी त्याची पद्धत. कार्यालयाचा खर्च कर्जाच्या फॉर्मच्या किमतीतून निघतो. म्हणजे ही वाट नवी नाही. रक्कम किती लहान असू शकते, याचे उदाहरण बांगलादेशात आहे. १९७६ साली चितगाव विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी जवळच्या जोब्रा गावात चौकशी केली, तेव्हा बेचाळीस माणसांना मिळून फक्त ८५६ टका हवे होते. ते त्यांनी खिशातून दिले. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली त्यांना व बँकेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती बँकही व्याज घेते. पण तिची सुरुवात एका शिक्षकाच्या खिशातून झाली, हे आम्हा शिक्षकांना विचार करायला लावणारे आहे.

परंतु लहान कर्ज म्हणजे सर्व रोगांवर औषध असे समजू नका. आंध्र प्रदेशात एकेका घराला अनेक कंपन्यांनी लहान लहान कर्जे दिली, वसुलीचा जाच सुरू झाला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील सरकारला वटहुकूम काढावा लागला. म्हणून असा निधी काढायचा तर काही नियम पाळावेत, असे मला वाटते.

पहिला नियम, कर्ज कमाईच्या साधनासाठीच द्यावे. लग्न, हौस आणि मोबाईल यांसाठी देऊ नये. दुसरा, सगळे लेखी असावे, साक्षीदारांसह. कुरआन शरीफच्या सूरे बकरामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा स्पष्ट हुकूम आहे. "आपलाच माणूस, लिहायचे कशाला?" म्हणून दिलेल्या पैशांनी किती भावाभावांत अबोला झाला, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. तिसरा, हप्ता ठरल्या दिवशी मागावा, संकोच करू नये. कारण तो पैसा रांगेतील पुढच्या माणसाचा आहे. चौथा, खरोखर अडचणीत सापडलेल्याला मुदत वाढवून द्यावी. हाही त्याच सूरेचा हुकूम आहे. ज्याची ऐपत आहे पण टाळतो आणि ज्याची ऐपतच नाही, यांतला फरक गावाला बरोबर कळतो. पाचवा, लोकांच्या ठेवी घेऊ नयेत. त्यासाठी कायद्याने नोंदणी व परवानगी लागते. सुरुवात फक्त देणगीतून करावी, वर्षाचा हिशेब सर्वांसमोर वाचावा. आणि जकातीचा पैसा यात घालायचा की नाही, ते उलमांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

पालकांना दोन शब्द. मुलगा दहावी-बारावी होताच "आता दुकानावर बस" असे म्हणू नका. त्याचे शिक्षण पुरे होऊ द्या. हिशेब न येणारा व्यापारी फार काळ टिकत नाही. पैशांअभावी शिक्षण अडत असेल, तर राज्य शासनाचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे, तेथे चौकशी करा आणि अटी नीट वाचून निर्णय घ्या. मुलींच्याही हाती कला आहे. शिलाई, मेहंदी, डबे, शिकवण्या, यांतून त्यांनी मिळवलेला पैसा त्यांच्या नावाने खात्यात राहू द्या. हजरत खदीजा (रजि.) व्यापार करीत होत्या, हे आपण अभिमानाने सांगतो, मग आपल्या घरातील मुलीने वही-पेन घेऊन हिशेब मांडला तर तिला हसू नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी आजचा गृहपाठ असा. एका कागदावर दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत, तीन वर्षांत मला कोणते काम उभे करायचे आहे, त्याला किती रक्कम लागेल आणि या महिन्यात मी त्यासाठी काय करणार. दुसऱ्या ओळीत, पहिल्या कमाईपासून दरमहा किती रुपये मी दुसऱ्याच्या कर्जे-हसनासाठी वेगळे ठेवणार. पन्नास रुपये लिहिलेत तरी चालेल. आकडा लहान असला तरी तो पाळला जावा. या शाळेतून बाहेर पडलेले शंभर तरुण दरमहा पन्नास रुपये बाजूला ठेवू लागले, तर महिन्याला ५,००० होतात. म्हणजे दर महिन्याला गावातील एका घरात एक शिलाई मशीन किंवा एक अवजारांची पेटी.

ही सुरुवात आपल्या गावात, आपल्याच मुलांच्या हातून व्हावी, अशी मी अल्लाहतआलाकडे दुआ करतो आणि तुमची रजा घेतो. खुदा हाफिज!