अभ्यासाबाहेरची पुस्तके

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



केवळ आनंदासाठी वाचलेल्या कादंबऱ्यांविषयी मी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. विषय तसा निरुपद्रवी वाटतो. परंतु मागच्या पालकसभेत असा एक विचार पुढे आला, की आपल्या वाचनालयातील कथा-कादंबऱ्यांचे कपाट रिकामे करून तेथे प्रवेश परीक्षांची पुस्तके लावावीत. नांदेड-लातूरकडच्या माणसाला यात नवल वाटू नये. 'लातूर पॅटर्न'चे नाव महाराष्ट्रभर झाले आहे. दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले या दोन शहरांत खोली करून राहतात, ती डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी. कोणाच्या घरी त्यासाठी दागिने गहाण पडलेले असतात, कोणी जमिनीचा तुकडा विकलेला असतो. अशा बापाला मुलीच्या उशाखाली कादंबरी सापडली, तर त्याच्या जिवाची घालमेल होणारच. त्याला दोष देण्यासाठी मी उभी राहिलेली नाही. त्या कपाटातून आणि घरच्या ट्रंकेतून मी काय काय वाचले आणि वाचताना मला काय वाटले, एवढेच मी सांगणार आहे. निर्णय आपण वडीलधाऱ्यांनी घ्यावयाचा आहे.

सुरुवात आपल्याच घरातून करते. उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून बहुतेक जण जिचे नाव घेतात, ती 'मिरातुल उरूस' १८६९ साली प्रसिद्ध झाली. लेखक डिप्टी नजीर अहमद. घरातल्या मुलींच्या हाती देण्याजोगे, त्यांना गोडी लागेल असे पुस्तक मिळेना, म्हणून या बापाने ते स्वतःच लिहावयास घेतले. पुढे सरकारने त्याला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. हे गृहस्थ काही रिकामटेकडे नव्हते. त्यांनी इंडियन पिनल कोडच्या उर्दू भाषांतराचे काम केले आणि उतारवयात कुराणशरीफचा उर्दू तर्जुमाही केला. सालारजंगांच्या बोलावण्यावरून ते काही वर्षे हैदराबादला निजामाच्या नोकरीतही होते. म्हणजे त्या वेळी आपले नांदेड आणि लातूर ज्या राज्यात होते, त्याच राज्याची त्यांनी चाकरी केली.

ही कादंबरी मला माझ्या नानीने वाचून दाखवली. मी मराठी माध्यमाची. उर्दू अक्षरे ओळखते, पण ठेचा लागत चालावे तशी वाचते. नानी मात्र एका दमात पान संपवते. गोष्ट दोन बहिणींची आहे. थोरली अकबरी लाडावलेली, आळशी आणि तोंडाळ. धाकटी असगरी शहाणी, हिशोबी, सासरचे विसकटलेले घर सावरणारी. नानीचा हेतू उघड होता. मी असगरीसारखे व्हावे! परंतु माझा जीव गुंतला तो अकबरीत. एक बाई स्वतःला हज्जन म्हणवून घेत तिच्या घरी येते, चांगल्या चांगल्या वस्तू स्वस्तात देऊन तिचा विश्वास मिळवते आणि शेवटी तिचे दागिने घेऊन पसार होते. तो भाग ऐकताना मी न राहवून म्हणाले, "नानी, कोई तो बोलो ना उसको!" नानी हसली आणि पान उलटले.

असगरी घरातल्या मामा अजमतची लबाडी उघडकीस आणते, तेव्हा मला टाळी वाजवावीशी वाटली नाही. इतकी वर्षे घरात वावरलेली ती मोलकरीण, पुढे जाणार कुठे, हेच मनात येत राहिले. लेखकाने मात्र तिची फारशी फिकीर केलेली नाही. असगरी पुढे घरातच मुलींचा मकतब सुरू करते, तेथे मी पूर्णपणे तिच्या बाजूची झाले. दीडशे वर्षांपूर्वीच्या दिल्लीतल्या एका घरात मुली तख्त्या घेऊन बसल्या आहेत, हे चित्र मला फार आवडले. आपली संस्था तरी त्यापेक्षा वेगळे काय करते?

याच लेखकाच्या 'तौबतुन्नसूह'मध्ये नसूह नावाचा गृहस्थ पटकीतून वाचतो आणि सारे घर सुधारावयास निघतो. थोरला मुलगा कलीम शेरोशायरीचा शौकीन. तो काही बापाचे ऐकत नाही, तेव्हा बाप त्याची पुस्तके जाळून टाकतो. लेखक बापाच्या बाजूचा आहे, हे पानोपानी जाणवते. कलीमची पुढे वाताहतही होते. तरीसुद्धा पुस्तक मिटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर राहिला तो कलीमच. आमची नानी पाच वक्तांची नमाजी बाई, पण तो भाग वाचून तीही थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "किताबां जलाना नक्को था." एवढ्या मोठ्या लेखकाशी आपण सहमत नसलो तरी चालते, हे मला त्या दिवशी नानीकडून कळले.

आता थोडे नानांच्या ट्रंकेविषयी. तिच्यात इब्ने सफी भरलेले होते. 'जासूसी दुनिया' ही त्यांची मालिका १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली. इन्स्पेक्टर फरीदी आणि त्यांचा थट्टेखोर साथीदार हमीद यांच्या एकेका कादंबरीची लोक महिनाभर वाट पाहत असत. उर्दूत अश्लील मजकुराशिवाय पुस्तक खपत नाही, असे कोणीतरी म्हणाले आणि ते खोटे ठरवण्यासाठी इब्ने सफींनी लेखणी उचलली, असे सांगतात. या कादंबऱ्यांनी मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. मामेभावाने वाचून दाखवायचे आणि आम्ही चार-पाच भावंडांनी पांघरुणातून डोळे बाहेर काढून ऐकायचे, वीज गेली तर मोबाईलच्या उजेडात. मजा आली. मजेचा हिशोब मागू नये, असे मला वाटते.

मराठीकडे येते. आमच्याकडे घरात दखनी, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही. शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही १९६७ ची कादंबरी मी आठवीच्या उन्हाळ्यात वाचली. त्यात कर्ण स्वतःची कथा सांगतो, तशीच कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्णही सांगतात. जाडजूड पुस्तक, पहिली पन्नास पाने मला शब्द अडले, नंतर अडणे बंद झाले. महाभारत मला दूरदर्शनवरून माहीत होते. परंतु रणांगणावर गेलेल्या माणसाच्या घरी मागे राहिलेल्या वृषालीला काय वाटत असेल, हे मी तोपर्यंत मनात आणले नव्हते. ही दुसऱ्यांची गोष्ट आहे, असे वाचताना एकदाही जाणवले नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाति' मात्र मी अर्ध्यावर सोडली. ज्ञानपीठ मिळालेल्या पुस्तकाबद्दल असे बोलणे माझ्या वयाला शोभणार नाही, पण त्यातली सर्वच पात्रे सुभाषितांत बोलतात आणि मला थकवा येतो.

'बनगरवाडी'ने मला असे पकडले, की आजही सोडलेले नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ही लहानशी कादंबरी १९५५ ची. एक तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवावयास येतो. मेंढरांमागे जाणाऱ्या मुलांना शाळेत आणणे, म्हाताऱ्या कारभाऱ्याचा विश्वास मिळवणे, लोकांना जमवून तालीम बांधणे, असे सारे संथपणे चालते. मग दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडून जातात, शाळेत मुले उरत नाहीत. लेखक कोठेही गळा काढत नाही.

ती शेवटची पाने वाचताना मला माझ्या खालाचे लातूरचे घर आठवले. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. मग मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरवरून. तेव्हा मी लहान होते आणि सुट्टीत खालाकडे जावयाचे नाही म्हणून रुसले होते. खालाने फोनवर अम्मीला सांगितले, "बच्चों को मत भेजो, आपा, पानी नहीं है." त्या एका वाक्यामागे काय होते, ते मला 'बनगरवाडी' वाचल्यावर समजले. पाहुण्यांना येऊ नका म्हणताना खालाला काय वाटले असेल! आणखी एक गोष्ट पाहा. माडगूळकरांचा माणदेश आज बराचसा सांगली जिल्ह्यात येतो आणि मिरजही त्याच जिल्ह्यात. ज्या जिल्ह्याच्या एका टोकाचा दुष्काळ मी पुस्तकात वाचला, त्याच्याच दुसऱ्या टोकाने आमच्या खालाचे हंडे भरले.

लातूरचेच आणखी एक पुस्तक म्हणजे 'पाचोळा'. लेखक रा. रं. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. १९७१ साली आलेल्या या कादंबरीत एका खेड्यातील शिंप्याची बायको आपल्या संसाराची वाताहत स्वतःच्या तोंडाने सांगते. भाषा इकडचीच, शेजारच्या काकू ओट्यावर बसून बोलतात तशी. छापील पुस्तकात असे बोलतात, हे पाहून मी आधी चकित झाले आणि मग मला फार बरे वाटले. आमच्या गल्लीत शिलाई मशीनवर पाठ मोडणारी घरे कितीतरी आहेत. नाव पारबतीच्या ऐवजी परवीन असते, एवढेच.

येथे मनातली एक गोष्ट बोलते. मराठी कादंबऱ्यांत मी आमच्यासारखे घर शोधत असते. ऐतिहासिक कादंबरीत मुसलमान सापडतो, तो बहुधा तलवार घेऊन. इतरत्र सापडतो तो कोपऱ्यात, मोडके हिंदी बोलणारा. पहाटे उठून डबा करणारी अम्मी, ईदच्या आधी मुलांचे कपडे वेळेत शिवून होतील की नाही याची काळजी करणारे अब्बा, हे मला फार थोड्या ठिकाणी भेटले. हमीद दलवाई यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची. त्यांच्या मतांविषयी या सभागृहात दुमत असेल, आणि ते असू द्यावे. परंतु कोकणातले मुसलमान घर त्यांनी मराठीत आतून दाखवले, हे वाचून पाहिल्यावाचून नाकारू नये. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या लोकांनी मराठीत पुष्कळ लिहिले आहे. नांदेडच्या एखाद्या मोहल्ल्याची जाडजूड कादंबरी मात्र मी अजून शोधतेच आहे. ती कोणीतरी लिहावयाची आहे. कोण लिहील, ते मला माहीत नाही. पण कादंबऱ्या न वाचलेला माणूस ती लिहिणार नाही, एवढे नक्की.

पालकांना भीती वाटावी असे एक पुस्तकही मी वाचले आहे, आणि ते लपवणे बरे नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'मधला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकावयास जातो, वसतिगृहात बापाचे पैसे उडवतो आणि नापास होऊन घरी परत येतो. लातूरला खोलीवर राहून बारावीची तयारी करताना मी हे वाचत होते! काही पानांवर पोट धरून हसले. त्याची धाकटी बहीण मनी मरते, त्या पानांवर मात्र पुस्तक मिटून ठेवावे लागले. त्या रात्री मी घरी फोन करून कारण नसताना लहान बहिणीशी पंधरा मिनिटे बोलले. पांडुरंगासारखे वागावे, असे मला एकदाही वाटले नाही. उलट बापाने पाठवलेला पैसा कसा येतो, हे त्या मुलाच्या वागण्यामुळेच मला अधिक दिसले.

कादंबऱ्या वाचून गुण वाढतात, असा दावा मी करणार नाही. जीवशास्त्राचा प्रश्न 'बनगरवाडी'ने सुटत नाही. पण खोलीवर राहणाऱ्या मुलाच्या भिंतीवर वेळापत्रक असते, टेबलावर चाचणीचे गुण असतात आणि रात्री फोनवर घरचे विचारतात तेही गुणच. दिवसातला अर्धा तास त्याला गुणांशिवाय कोठेतरी जाता आले पाहिजे. मी त्या अर्ध्या तासात कारभाऱ्याच्या घोंगडीवर जाऊन बसत असे.

नांदेडच्या पालकांना आणखी एक आठवण देते. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर याच शहरात राहून मराठी कादंबरीवर 'धार आणि काठ' हे पुस्तक लिहून गेले. कादंबरी हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे निदान या गावात तरी कोणी म्हणू नये.

प्रवेश परीक्षांची पुस्तके अवश्य आणावीत. मलाही ती लागली होती आणि मिळता मिळत नव्हती. ती खिडकीजवळच्या लांब टेबलावर राहू शकतील, मी काल माप घेऊन पाहिले आहे. कपाट आहे तेथेच असू द्यावे. आणि ज्या माता-भगिनींना उर्दू सहज वाचता येते, त्यांनी महिन्यातून एका शुक्रवारी दुपारी येथे येऊन आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलींना 'मिरातुल उरूस' मोठ्याने वाचून दाखवावी, अशी माझी विनंती आहे. पहिल्या शुक्रवारी यायला माझी नानी तयार आहे. तिची एकच अट आहे, प्रत मोठ्या अक्षरांची हवी.